खिशातली ऊब

माळव्याच्या रात्रीची कीर्ती जुनी आहे. बनारसची सकाळ, अवधची सायंकाळ आणि माळव्याची रात्र, अशी तीन सुखे उत्तरेकडील रसिकांनी सांगून ठेविली आहेत. ज्या कोणी माळव्याच्या रात्रीला ही पदवी दिली, तो बहुधा उन्हाळ्यात तेथे गेला असावा. मी गेलो तो जानेवारीत, आणि समुद्रकाठच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या रात्रीने चांगलाच धडा शिकविला.

आपल्या धर्मग्रामातील एक तरुण देवास येथील कारखान्यात नोकरीस आहे. त्याच्या नव्या बिऱ्हाडास आशीर्वाद देण्यासाठी मी चार दिवस तिकडे गेलो होतो. जाताना वाटेत धारही पाहून घेतले. ही दोन्ही गावे मराठी माणसाला परकी वाटत नाहीत, याचे कारण इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार घराण्यातील सरदार मराठी फौजांबरोबर नर्मदा ओलांडून गेले आणि तेथेच स्थायिक झाले. एका शाखेने धारला राज्य केले. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या वंशजांनी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये चालविली. त्यांच्याबरोबर कारकून, भिक्षुक, शिलेदार, बलुतेदार अशी कितीतरी कुटुंबे गेली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, पण ती घरे तेथेच राहिली आणि त्यांतील पुष्कळांत आजही मराठी बोलली जाते. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्याच किल्ल्यातला, १७७५ सालच्या जानेवारीतला. त्या दगडी भिंतींना हात लावून पाहिला, तेव्हा ते बाळ कोणत्या गारठ्यात जन्मले असेल याची कल्पना आली.

माळवा हे पठार आहे. धार आणि देवास ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेली आहेत. हवा कोरडी. गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना १९४८ साली देवासला जाऊन राहिले, ते या कोरड्या हवेसाठीच. परंतु कोरडी हवा दिवसाची ऊब रात्रीसाठी राखून ठेवीत नाही. आपल्या किनाऱ्यावर हवेतील बाष्प पांघरुणासारखे काम करते. तेथे ते नसल्यामुळे सूर्य मावळताच जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते. दुपारी पारा २५ अंशांच्या घरात, तर पहाटे १० अंशांच्या खाली. त्यात उत्तरेकडून थंडीची लाट आली की तो आणखी उतरतो. दुपारी सदरा पुरेसा होतो आणि रात्री दोन रजया पुरत नाहीत.

शेगडीची रात्र

आमच्या तरुणाचे बिऱ्हाड एका मराठी आजीबाईंच्या वाड्यात आहे. वाडा म्हणजे चौक, ओसरी आणि चार खोल्या. संध्याकाळी ओसरीवर कोळशाची शेगडी पेटविण्यात येई. तिकडे तिला सिगडी म्हणतात. घरची व शेजारची माणसे तिच्याभोवती बसून बोलत. निजायच्या वेळी आजीबाई सर्वांना बजावीत की सिगडी ओसरीवरच राहील, कोणी आत नेऊ नये.

तिसऱ्या रात्री मी त्यांचे ऐकले नाही. खोलीत प्रार्थनापुस्तक वाचीत बसलो असता बोटे इतकी बधिर झाली की पाने उलटता येईनात. घर निजले होते. मी हळूच बाहेर आलो, विझत आलेली शेगडी उचलून खोलीत आणली, खिडकी लावून घेतली आणि दाराखालच्या फटीत टॉवेल दाबून बसविला. हात शेकून घ्यावेत आणि दहा मिनिटांनी शेगडी परत ठेवावी, असा विचार होता. मला झोप केव्हा लागली ते आठवत नाही.

पहाटे आजीबाई उठल्या. ओसरीवर सिगडी दिसेना, तेव्हा त्यांनी सरळ माझ्या खोलीचे दार ढकलले. दैवाची गोष्ट अशी की मी आतून कडी घातली नव्हती. त्यांच्या हाकेने मी डोळे उघडले, पण डोके फुटेल असे वाटत होते, मळमळत होते, आणि उभा राहू लागलो तर पाय वळेनात. त्या माउलीने व आमच्या तरुणाने मला धरून चौकात आणले. मग दवाखान्यात नेऊन प्राणवायू देण्यात आला. डॉक्टरांनी रागे भरण्याचे कारण नव्हते, मी स्वतःवरच पुरेसा रागावलो होतो. आणखी तासाभराने दार उघडले असते तर हा लेख लिहिण्यास मी उरलो नसतो, एवढेच त्यांनी सांगितले.

वाचकहो, हे सांगण्यास मला लाज वाटते. पण दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. म्हणून कारण नीट समजून घ्यावे. कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. धूर दिसला तर माणूस सावध होतो; निखारे लाल झाले आणि धूर थांबला की आता भीती नाही असे वाटते, आणि घात तेथेच होतो. आपल्या रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहूनही अधिक बळाने चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ या त्याच्या खुणा आहेत. झोपलेल्या माणसाला त्याही कळत नाहीत. असे कोणाला झाल्याचे दिसले तर दारे-खिडक्या उघडाव्यात, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

आजीबाईंच्या पिशव्या

दवाखान्यातून परत आल्यावर आजीबाई माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "फादर, हात गार पडले होते तर मला हाक मारायची होतीत. हाताला विस्तव लागत नाही हो, आसरा लागतो." मग त्यांनी फडताळातून दोन लहान पिशव्या काढल्या आणि माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक बसविली. बाहेरून जुन्या लुगड्याचे कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, आतून मऊ फलालीन, आणि सगळीकडून गोधडीसारखा धावदोरा. तोंडाशी दोन टिचबटणे. हात आत घातला तेव्हा प्रथम काही विशेष वाटले नाही. पाचएक मिनिटांनी ध्यानात आले की बोटे आपली आपण गरम झाली आहेत.

"हिला काढता येते, हेच तिचे मोठेपण," आजीबाई म्हणाल्या. त्याचा अर्थ मला दुपारी कळला. ऊन चढले, कोट जड वाटू लागला, तेव्हा मी पिशव्या काढून दोरीवर उन्हात टाकल्या. संध्याकाळी त्या कोरड्या, हलक्या आणि उन्हाने तापलेल्या अशा परत खिशात गेल्या. कोट काही रोज धुतला जात नाही. खिशाचे अस्तर मळते, त्यात माती, धान्याचा कोंडा आणि घाम साचतो, आणि ओल धरली की खिसाच हात गार करतो. सुटी पिशवी मात्र साबणाने धुता येते. शिवाय एकच जोड आज कोटात, उद्या बंडीत, परवा नातवाच्या स्वेटरात बसविता येतो.

खिशात खिसा ही कल्पना नवलाची वाटेल, पण मुळात खिसा हा शब्दच फारसीतून आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ पिशवी असा आहे. आपल्या आज्यांची चंची आणि आजोबांचा कसा हे वस्त्राला न शिवलेले खिसेच होते. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील स्त्रियाही आपले खिसे सुटेच ठेवीत आणि नाडीने कमरेला घागऱ्याखाली बांधीत. कपड्याला कायमचा शिवलेला खिसा हीच नंतरची गोष्ट आहे.

खिशातला विस्तव

हात ऊबदार ठेवण्यासाठी माणसाने अंगाशी विस्तव बाळगण्याचे कितीतरी प्रयत्न केले. काश्मीरमध्ये वेताच्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात निखारे, आणि ती कांगडी फिरनच्या आत पोटाशी धरण्याची चाल आहे. तिने लाखो माणसांना हिवाळे पार करून दिले. परंतु वर्षानुवर्षे पोटाच्या व मांडीच्या त्वचेला धग लागून तेथे कर्करोग होतो, हे श्रीनगर येथे काम करणाऱ्या एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरांनी १८६६ साली लिहून ठेविले.

आपल्या ख्रिस्तमंदिरांतही ही अडचण होती. थंड देशांतील दगडी देवळांत मिस्साबली अर्पण करताना धर्मगुरूंची बोटे आखडत, आणि हातातील पवित्र प्याला कलंडण्याची भीती असे. म्हणून वेदीवर धातूचा पोकळ गोळा ठेवीत. त्यात निखारा किंवा गरम पाणी असे, आणि धर्मगुरू अधूनमधून त्यावर हात ठेवून बोटे सैल करीत. तेराव्या शतकातील विलार द ओनकूर या फ्रेंच कारागिराची चित्रवही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात अशा एका गोळ्याची आकृती आहे. एकात एक फिरणाऱ्या कड्यांमुळे गोळा कसाही वळविला तरी आतील निखाऱ्याची वाटी उभीच राहते. मोठ्या मिस्सेच्या वेळी बिशपांना तो निर्धास्तपणे वापरता येईल, असा त्याचा अभिप्राय आहे. माझ्या त्या रात्रीनंतर हे चित्र पाहिले की मला त्या बिशपांविषयी विशेष सहानुभूती वाटते.

जपानात पूर्वी तापविलेला दगड कापडात गुंडाळून छातीशी ठेवीत. पुढे कोळशाची भुकटी जाळणाऱ्या धातूच्या डब्या आल्या. १९२३ साली मातोबा निइची यांनी प्लॅटिनमच्या साह्याने बेंझिनची वाफ ज्वाळेवाचून जाळणारी डबी तयार केली. १९७८ पासून तेथे एकदा वापरून टाकावयाच्या पुड्या घरोघर गेल्या, आणि आज त्या आपल्या शहरांतील दुकानांतही मिळतात. तिच्यात लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी आणि कोळशाची पूड असते. पाकीट फोडताच हवा लागून लोखंड गंजू लागते. गंज चढताना उष्णता बाहेर पडते, हे आपल्या दाराच्या कडीलाही लागू आहे, पण ते इतके सावकाश होते की हाताला कळत नाही. पुडीत तेच काम काही तासांत उरकते.

हात का गारठतात

आजीबाईंच्या पिशवीत विस्तव नाही, निखारा नाही, लोखंडही नाही. मग ऊब येते कोठून? ती आपल्याच रक्तातून येते. थंडी लागली की शरीर प्रथम हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांचा सांभाळ करते. त्यासाठी ते हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आखडून घेते आणि उबदार रक्त आत राखते. बोटे बारीक असतात, त्यांत मांस थोडे आणि पृष्ठभाग पुष्कळ, म्हणून त्यांची उष्णता लवकर जाते. कुटुंबप्रमुखाने टंचाईत आधी तान्ह्या लेकरांना जेवू घालावे आणि थोरल्यांनी थोडे थांबावे, तसा हा प्रकार आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की हात गरम हवे असतील तर आधी छाती, मान आणि डोके झाका. अंग उबदार असले की शरीर स्वतःच बोटांकडे रक्त सोडते. कानटोपी न घालता हातमोजे शोधणारा माणूस छप्पर गळत असता भिंत लिंपणाऱ्यासारखा आहे. दुसरी गोष्ट अशी की कापड स्वतः ऊब देत नाही, ते आपल्यात हवा अडवून धरते आणि ही थांबलेली हवा आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. कापसाच्या थरात आणि फलालीनच्या लवेत हेच घडते. मोज्यात प्रत्येक बोट एकटे पडते, पिशवीत पाचही बोटे एकमेकांना ऊब देतात. मात्र कापूस भिजला की हवा जाते आणि गुण संपतो. लोकर ओली झाली तरी थोडा गुण राखते. म्हणून ओले हात पुसूनच पिशवीत घालावेत.

शिवावयाची कशी

आमच्या भगिनींसाठी रीत सांगतो. ज्याच्यासाठी पिशवी करावयाची त्याचा हात कागदावर ठेवून, बोटे जुळवून, भोवती दोन बोटांची जागा सोडून आकार कापावा. पिशवी घट्ट झाली तर रक्त दबते आणि सर्व खटाटोप व्यर्थ जातो. ती खिशात मावते की नाही हेही आधीच पाहून घ्यावे. बाहेरून जुने सुती कापड, आतून फलालीन किंवा विटलेल्या स्वेटरचा तुकडा, मध्ये पिंजलेल्या कापसाचा पातळ थर घालून गोधडीप्रमाणे धावदोऱ्याच्या ओळी माराव्यात, म्हणजे धुताना कापसाचे गोळे होत नाहीत. मग दोन्ही बाजू जोडून तोंड दुमडावे आणि तेथे दोन टिचबटणे लावावीत. त्यांचे जोडीदार खिशाच्या आतील कडेस लावावेत. नाहीतर हात बाहेर काढताना पिशवी त्याबरोबर बाहेर येते.

अधिक ऊब हवी असल्यास हाताच्या पाठीकडील बाजूस बाहेरून एक लहानसा कप्पा शिवावा. कान दुखला किंवा कंबर धरली की आपल्या घरांत तव्यावर मीठ किंवा वाळू तापवून पुरचुंडीने शेकतात. तीच पुरचुंडी येथे कामास येते. मूठभर गहू किंवा खडेमीठ मंद आचेवर तापवून, थोडे निवल्यावर, जाड सुती पुरचुंडीत बांधून त्या कप्प्यात सरकवावे. पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून पाहावी. गालाला सोसवेल तेवढीच ती गरम असावी. धान्य करपल्याचा वास आला तर ते टाकून द्यावे, कारण फार तापलेले धान्य कापडात धुमसू शकते. पेटता निखारा खिशात कधीही नको.

एक इशारा विशेष आहे. सौम्य ऊबही फार वेळ एकाच जागी राहिली तर भाजते. ४४ अंश इतकी धग, जी हाताला सुखद वाटते, ती सुमारे सहा तास सतत लागली तर त्वचा जळते, हे अमेरिकेत १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. म्हणून पुरचुंडी किंवा दुकानातील पुडी अंगाशी घेऊन निजू नये आणि ती उघड्या त्वचेला लावू नये. ज्यांना मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे हाताची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी नुसती पिशवी वापरावी. त्यांना भाजलेले कळत नाही, आणि ती जखम पुढे बोट घेऊन जाते. ज्यांची बोटे थोड्याशा गारव्याने पांढरी, मग निळी, मग लाल होतात, त्यांनी ती थंडी समजून सोडून देऊ नये. हा एक विकार असून मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली त्याचे वर्णन केले आहे. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि मुलांना सांगावे की पायऱ्या उतरताना हात खिशाबाहेर असावेत. दुचाकीवर तर पिशवी निरुपयोगीच, तेथे जाड हातमोजेच हवेत, कारण बधिर बोटांना ब्रेक दाबता येत नाही.

तिसरा जोड

निघण्याच्या आदल्या रात्री आजीबाई कंदिलासारख्या मंद दिव्याखाली आणखी एक जोड शिवीत होत्या. मी विचारले, हा कोणासाठी. त्यांच्या शेतावर एक वाटेकरी आहे. गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस होते आणि पंपाला वीज मध्यरात्रीनंतर मिळत असे. तो रात्रभर चिखलात उभा राहून बारे देतो, आणि त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. "पाणी वळवताना हात भिजणारच," आजीबाई म्हणाल्या, "पण एक वाफा भरेपर्यंत तरी कोरडे करून आत घालता येतील. नाहीतर तो पंपाच्या खोलीत दार लावून शेकोटी करतो. त्याचं दार ढकलायला मी कुठे असणार?"

त्या वाक्याने मी गप्प झालो. माझे दार ढकलणारे कोणी होते. वाटेकऱ्याचे दार ढकलणारे कोणी नव्हते, म्हणून त्या बाईने सुईदोरा हाती घेतला होता.

तूरच्या संत मार्टिनने आमिअँ शहराच्या वेशीपाशी कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, ही कथा आपण दर ११ नोव्हेंबरला त्यांच्या सणाच्या दिवशी ऐकतो. आपल्याला झगा कापण्याचीही आवश्यकता नाही. पेटीत पडलेले एक जुने लुगडे, विटका स्वेटर आणि दोन दुपारी पुरेत. किनाऱ्यावरच्या आपल्या गावांत माळव्याइतकी थंडी पडत नाही. तरी पहाटे तीनला दुधाच्या किटल्या घेऊन निघणारा, भाजीच्या गाडीवर बसून बाजाराला जाणारा, रात्रपाळीचा पहारेकरी, आणि नोकरीसाठी उत्तरेकडे गेलेला मुलगा आपल्याही घरांत आहे. त्यांच्यापैकी एकाचा हात कागदावर ठेवून त्याचा आकार काढून घ्यावा.

आजीबाईंनी दिलेला माझा जोड अजून माझ्याजवळ आहे. यंदाच्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आवारात गार वारा सुटला होता. सेवेसाठी उभ्या असलेल्या एका मुलाला घंटा धरवत नव्हती. मी त्याला मिस्सेपूर्वी पाच मिनिटे त्या पिशव्या दिल्या. घंटा वेळेवर वाजली.